जाऊन-येऊन साठ किलोमीटर

मंगळ. ११ नोव्हेंबर

पहाटे सव्वाचारला निघालो तेव्हा गाडीचा आकडा, म्हणजे अजून किती किलोमीटर जाईल तो, ९२. त्र्यंबकला पोचलो तेव्हा ४४. एकोणतीस किलोमीटरला अठ्ठेचाळीस खाल्ले. चढ आहे, मान्य. पण इतका?

येताना उलटंच. अंजनेरीचा उतार संपेस्तोवर बॅटरी आपोआप भरून ४४ चा ४७ झाला. खर्च करून शिल्लक वाढते हे मी आजवर दानाच्या बाबतीत यजमानांना सांगत आलो, स्वतः कधी बघितलं नव्हतं. घरी २३.

पूजा आटोपल्यावर दादानं बाजूला घेतलं. म्हणाला, "मार्गशीर्ष संपेपर्यंत काय ते सांग. इथं परत राहायला येणार असाल तर वरच्या खोल्या तुमच्या, नाहीतर यजमानांना उतरायला देतो. या वयात अंधारात ती बॅटरीची गाडी हाकत येतोस, बरं दिसत नाही." थोरला भाऊ आहे, बोलणारच.

सौ.ला सांगितलं.  सव्वीस वर्षं त्या घरात तिनं यजमानांची पानं वाढली. कधी दहा, कधी पन्नास. नाशिकला येऊन दीड वर्ष झालं. समोरच्या दाताच्या दवाखान्यात नावं लिहून घेते. संध्याकाळी येते, चहा करते आणि बसून पिते. त्र्यं.ला मी तिला कायम उभ्यानंच चहा पिताना बघितलं.

मणक्याच्या डॉक्टरांनी दुचाकी बंद केली, पहिल्या बसनं मुहूर्त गाठता येत नाही. राहता राहिली ही आठ वर्षांची वापरलेली गाडी. ती जाऊन-येऊन साठ किलोमीटर करते तोवर आम्ही नाशिककर.

गुरु. १३ नोव्हें.

रात्रभर चार्जिंगला लावूनही सकाळी आकडा ७१. परवा ९२ होता. तीच गाडी, तोच प्लग, तीच रात्र. तरी गेलो. यजमान हैदराबादहून आलेले, न जाऊन सांगतो कुणाला.

येताना सातपूरला काचेमागं पिवळं कासव उगवलं आणि गाडी माणसाच्या चालीवर आली. पुस्तकात बघितलं, त्याचा अर्थ शक्ती कमी. कासव शंकराच्या देवळात नंदीजवळ असतं, तिथं त्याला नमस्कार करतो. इथं काय करायचं? मागं हॉर्नचा गजर. एका रिक्षावाल्यानं वेग कमी करून विचारलं, "गुरुजी, ढकलू का?" तोंडावर हसू होतं मेल्याच्या.

घरी पोचलो तेव्हा २. घाम फुटला होता, नोव्हेंबरात.

शनि. १५ नोव्हें.

सर्व्हिस सेंटर. दोन तास बसवलं. लॅपटॉप जोडून त्या साहेबानं सांगितलं, बॅटरी म्हातारी झाली, अख्खी बदला. कधी मिळेल? "पार्ट येईल तेव्हा." आणि तोवर ऐंशी टक्क्यांच्या वर भरू नका.

ऐंशी टक्के म्हणजे ७३-७४. तेवढ्यात सातपूरच्या अलीकडं-पलीकडंच कासव. म्हणजे गाडी टिकवायची तर वापरायची नाही. शाबास.

सोसायटीतले दुसरे एक बॅटरीगाडीवाले भेटले. ते म्हणाले, छे छे, एकदा पार उतरवा आणि मग शंभर भरा. म्हणजे एकादशी करा आणि पारणं फेडा. एक म्हणतो अर्धपोटी ठेवा, दुसरा म्हणतो उपास करून तडस लागेपर्यंत खाऊ घाला. कुणाचं ऐकू? शास्त्रात मतभेद असले तर निदान देशाचार बघता येतो.

रवि. १६ नोव्हें.

सोसायटीच्या सेक्रेटरींशी भांडलो. पार्किंगमधलं वायरिंग हलकं टाकलंय, म्हणून गाडी अर्धी राहते, असं चारचौघांत सुनावलं. त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं अर्थिंग तपासलं, सॉकेट उघडून बघितलं, सगळं ठीक. "गुरुजी, दोष गाडीकडं आहे. तुमच्या बाजूचा प्लग मात्र तापतोय."

सेक्रेटरी नुसते बघत राहिले. मी वर आलो.

मंगळ. १८ नोव्हें.

सिन्नरचे चुलते गेले. सूतक. दहा दिवस पूजा बंद, दादाची आणि माझीही.

गाडी प्लगला लावून ठेवली. दहा दिवस निवांत भरत राहील.

शुक्र. २८ नोव्हें.

सूतक फिटल्यावर पहिलीच पूजा. पहाटे खाली गेलो. किल्लीचं बटण दाबलं तर दारच उघडेना. किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं. आत मिट्ट काळोख. दिवा नाही, आकडा नाही, कासवसुद्धा नाही.

दहा दिवस जेवून बसलेला माणूस उठत का नाही, तेच मला कळेना. स्टिअरिंग धरून पाच मिनिटं नुसता बसलो. मग दादाला फोन. तो म्हणाला, "मी करतो पूजा. तू झोप." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वर आलो. सौ. दारातच उभी. मी म्हटलं, मेली. तिनं डोळे मिटले. गाडी, एवढंच म्हटलं नव्हतं मी. घाईनं म्हटलं, "गाडी गं, गाडी." तिला ते आधीच कळलं होतं.

शनि. २९ नोव्हें.

सौ.च्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी भामरे मेकॅनिकचा नंबर दिला. मूळचा देवळ्याचा, अंबडला वर्कशॉप. स्वतः आला, बॉनेट उघडून पाच मिनिटांत बोट ठेवलं. बॉनेटखाली स्कूटरला असते तशी एक छोटी बॅटरी. ती मेलेली.

"मोठी बॅटरी निसती चाकं फिरवती, गुरुजी. दार, दिवे, मोठीला जागं करणं, सगळं ही धाकटी करती. धाकटी झोपली का थोरली कितीबी भरलेली असू द्या, उपेग नाय." धाकटी बदलली. गाडी उठली.

मग त्यानं टॉर्च मारून चार्जिंगच्या तोंडात बघितलं. चिमटा घातला. "ह्ये काय हाय?" तळहातावर दोन दाणे. एक कुंकवानं लाल, एक जळून काळा.

अक्षता.

 सौ. म्हणाली, "दसऱ्याला तुम्हीच नाही का वाहिल्या?" वाहिल्या. चाकांना वाहिल्या, बॉनेटवर वाहिल्या. मग वाटलं, जिथून ती अन्न घेते तिथं नको का? झाकण उघडून आत हळद, कुंकू, अक्षता. मंत्रासकट. प्लग नीट बसत नव्हता तो त्यामुळं. तापायचा आणि मध्यरात्री आपोआप बंद व्हायचा.

भामरे हसला नाही, ते जास्त लागलं. पिना पुसता पुसता म्हणाला, "देवाला निवद दाखवत्यात गुरुजी. घशात नाय घालत."

सेक्रेटरींची माफी मागायला हवी. उद्या.

रवि. ३० नोव्हें.

माफी मागितली. अक्षतांचं सांगितलं नाही. "किरकोळ बिघाड होता" म्हटलं.

रात्री पूर्ण भरली, ९४. जीव भांड्यात पडला. त्र्यं.ला पोचेपर्यंत मात्र ३६, घरी येता येता ११. थंडी वाढलीय. भामरेला फोन केला. तो म्हणतो, तांदूळ हा एक रोग, आत दुसरा हाय. बॅटरीत पुष्कळ लहान कोश, म्हणजे सेल, असतात. "पंगतीत एकाचं आटपलं का सगळ्यांना उठावं लागतं. तसं हाय. तुमचे दोन कोश लवकर उठत्यात, बाकीचे उपाशी."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला गाडी कळली. सर्व्हिस सेंटरवाल्यानं असं सांगितलं असतं तर?

दोन कोश बदलायचे, बाकीचे एका पातळीवर आणायचे. चार दिवस गाडी त्याच्याकडं. "होईल का नीट?" "करून बघू. छातीठोक नाय सांगत."

चार दिवस रोज पूजा आहे. दादाकडं राहावं लागेल. सौ. म्हणाली, "जा. पण चारच दिवस." बॅग भरताना स्वेटर दोनदा आत घातला, दोनदा बाहेर काढला. शेवटी घातला.

मंगळ. २ डिसेंबर, त्र्यं.

काल बसनं आलो, संध्याकाळी. वरच्या खोलीत माझी जुनी खाट अजून तशीच.

पहाटे साडेचारला आपोआप जाग. खाली उतरलो, चार पावलांवर कुशावर्त. स्नान, संध्या, सहाला पूजेला उभा. ना आकडा, ना कासव. पाठ दुखली नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा चेहरा खुललाय."

सौ.चा फोन. "झोप लागली का तिकडं?"

मी म्हटलं, "छे, नवी जागा."

नवी जागा. चौपन्न वर्षांतली साडेबावन्न इथं काढली. असं का म्हणालो?

गुरु. ४ डिसें., त्र्यं.

 संध्याकाळी दादा आणि मी ओट्यावर बसलो. ब्रह्मगिरीवर धुकं. त्यानं अडकित्त्यानं सुपारी कातरली, अर्धी मला दिली. बाबा गेल्यावर असंच बसायचो.

लिहायला लाज वाटते, पण ही माझी वही आहे. भामरेचा फोन येऊ नये असं मला दुपारभर वाटत होतं. आला तर "नाय झाली" असं त्यानं म्हणावं असं वाटत होतं. मग दोष गाडीचा झाला असता. माझा नाही, सौ.चा नाही, दादाचा नाही.

सौ.ला त्या चुलीपुढं परत उभं करायचं का? नाही. अजिबात नाही. मग मला काय हवंय? हे दोन्ही एकाच डोक्यात कसं राहतं, मला कळत नाही.

फोन आला. गाडी झाली.

शुक्र. ५ डिसें.

अंबडहून गाडी आणली. भामरे म्हणाला, "जाऊन या त्र्यंबकला, मग सांगा. आन् ब्रेक मधनंमधनं जोरात दाबत जा. ही गाडी पाय काढला का आपोआप थांबती, तुमचा ब्रेक निसता गंजत पडलाय. टायरबी पुढचे दोन बघून घ्या."

सौ.नं गाडीला दुरूनच हात जोडले. अक्षता नाही आणल्या.

शनि. ६ डिसें.

निघताना १०८. त्र्यं.ला ६६. घरी ४६.

इतकी तर घेतली तेव्हासुद्धा चालली नव्हती. दीड खेप होईल. पार्किंगमध्ये बंद करून बसलो. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. 

वर गेलो. सौ.नं ताट वाढलेलं. "काय म्हणते गाडी?"

"बघू म्हणतो भामरे. दोन-तीन आठवडे बघावं लागेल."

"आकडा किती आला?"

"लक्ष नव्हतं."

माझं लक्ष नव्हतं. महिनाभर या घरात दुसरं बोलणं नाही, आणि माझं लक्ष नव्हतं. तिनं आमटी वाढली.

सोम. ८ डिसें.

१०७, ६६, ४५. गाडी शहाण्यासारखी वागतेय. घोळ आता गाडीत नाही.

दादानं विचारलं, "ठरलं का?" मी म्हणालो, "तिचं अजून ठरत नाही."

तिचं. तिचं तर दीड वर्षापूर्वीच ठरलंय. मी इकडं तिला गाडीचं खोटं सांगतो आणि तिकडं दादाला तिचं. यजमानांकडून मी संकल्प सोडवून घेतो, नाव-गोत्र नीट उच्चारा म्हणून डाफरतो. आणि माझा स्वतःचा संकल्प काय, विचारा. परतीच्या वाटेवर महिरावणीला गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो. मग परत निघालो.

बुध. १० डिसें.

दुपारी घरी आलो तेव्हा सौ. दवाखान्यात. गाडी लावली, ४७. वर येऊन पडलो.

स्वयंपाकघरात तिचं कॅलेंडर आहे, दूध आणि गॅस लिहायचं. आज पाणी प्यायला गेलो तेव्हा नीट बघितलं. नोव्हेंबरपासून गाडी नेली त्या प्रत्येक दिवसाच्या चौकोनात खाली बारीक अक्षरात माझा परतीचा आकडा. २३. २. ११. मी सांगायचो तो ती लिहून ठेवायची, मला माहीतच नव्हतं. सहा तारखेपासून चौकोन कोरे.

सहाला ती आली. पर्स ठेवली, गाडीची किल्ली उचलली आणि खाली गेली. मी खुर्चीतून उठलो नाही. काय म्हणून उठणार? पाच-सात मिनिटांनी वर आली. पेन घेतलं, आजच्या चौकोनात ४७ लिहिलं. मागचे चौकोन तसेच सोडले.

चहा केला. दोन कप. समोर बसली, सावकाश प्यायली.  तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं का, तेही कळत नाही.

कप विसळताना पाठमोरीच म्हणाली, "उद्या किती वाजता?"

"नेहमीचंच. सव्वाचार."

साखर आहे म्हणून मी एरवी तिकडं जेवत नाही, एका वेळचा डबा नेतो; दोन वेळचा म्हणजे रात्री तिकडंच मुक्काम.

"डबा एका वेळचा देऊ की दोन वेळचा?"

मी म्हटलं, "सकाळी सांगतो."

ती म्हणाली, "कणीक आत्ता भिजवायचीय."