बिनसाखरेचा चहा

पुणतांबा, मंगळवार, नोव्हेंबर १९७२

वसंतभावजींच्या डोक्याच्या गोळ्या नगरच्या डॉक्टरांनी आज पुन्हा वाढवल्या. पंधरवड्यात तिसऱ्यांदा! विचारलं कुणाला, तर मामंजींना. ते म्हणाले, "झोपतो, पण मधेच बडबडतो अजून." झालं, लगेच डोस दुप्पट. भावजींचे हात थरथरतात, बशी धरवत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर मामंजींनी नुसतं बघितलं माझ्याकडं. चारचौघांत सुनेनं बोलायचं नसतं म्हणे. मग रोज बशी कोण धरतं? मीच ना?

घरी आल्यावर रागाच्या भरात चहात साखर घालायलाच विसरले. एरवी भावजींनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज मी बशी ओठांना लावली आणि ते मुकाट्यानं सगळा चहा प्यायले.

मामंजी कौतुकानं म्हणाले, "बघ, किती सुधारला!"