पोर्चच्या दिव्याचं गाणं आधी कुणी गायलं

४ ऑक्टोबर १९८७, रविवार
आणि वर तो विक्रम म्हणतो, मी कुठे काय बोललो. काय बोललो? प्रतापकाकांकडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, सगळं मराठी मंडळ जमलेलं. रेडिओवर ते पोर्चच्या दिव्याचं गाणं लागलं. इथे अमेरिकेत, अर्विंगमध्ये ते दिवसातून चारदा लागतं, दर वेळी निराळ्या गळ्यात. मी सहज म्हणालो, हे आधी बाईने गायलं. विक्रम काकांचा भाचा, कॉम्प्युटरवाला. म्हणे, आधी तो कंट्रीवाला, इथली गावाकडची गाणी गाणारा टोपीवाला, बाईने मागून पॉप केलं. मग सगळ्यांसमोर, “त्र्यंबक, तू दुकानातल्या गोणी उचल. म्युझिक राहू दे.”
सगळे हसले. दुकान ज्यांचं, ते काकाही. त्यांची मुलगी उत्तरा तेवढी हसली नाही. तोंडात गुलाबजाम होता, पण डोळे माझ्या बाजूने होते.
सूड घेणार. शांतपणे.

८ ऑक्टोबर
राग अजून गरम. चांगलं लक्षण. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात त्याच एका गाण्याच्या नऊ रेकॉर्डी निघाल्या. टोपीवाला, बाई, चर्चची मंडळी, एक स्पॅनिश, एकात नुसतंच व्हायोलिन. सगळ्या घेतल्या. प्लेअर नाही. पण पुरावा ऐकायचा नसतो, दाखवायचा असतो.

११ ऑक्टोबर
सापडलं. कव्हरच्या मागे बारीक टायपात रेकॉर्डिंगची तारीख असते. इंग्रजी अडतं, आकडे नाही अडत. बाई ८/५/५९. टोपीवाला ४/९/५९. म्हणजे बाई मेमध्ये, टोपीवाला सप्टेंबरात. इंजिनिअर म्हणे.

१८ ऑक्टोबर
दिवाळीच्या कार्यक्रमात माईक मागितला. काका म्हणाले, दोन मिनिटं, शुभेच्छा दे आणि बस. विक्रमला बजावलं, चुकलास तर माईकवरून माझी माफी मागायची. बरं म्हणाला. टरकलाय.

२४ ऑक्टोबर, हॉलवर निघताना
माफी मागितल्यावर माफ करायचं का, ठरत नाही. बहुतेक नाही.

२५ ऑक्टोबर
तारखा मोठ्याने वाचल्या. मला वाटलं, जिंकलो. मग पहिल्या रांगेतून उत्तरा म्हणाली, “दादा, इथे मंथ फर्स्ट.”
दादा.
टोपीवाला एप्रिल, बाई ऑगस्ट. विक्रम हसलासुद्धा नाही, नालायक. पाठीवर हात ठेवून म्हणाला, चल, जिलबी खा.
तेवढ्यात काका उठले. आवाज अगदी हळू. “त्र्यंबक, मग दुकानातल्या दह्याच्या तारखा तू कशा बघतोस?”
मी खरं ते सांगितलं. डब्यावर १०/२८ दिसलं की छपाई चुकलेला माल समजून फेकतो. अठ्ठाविसावा महिना असतो का कुठे? काका समजत होते, दह्याला गिऱ्हाईक वाढलंय.
दही पगारातून कापलं. विक्रमला सोडणार नाही, पण आधी मनीऑर्डर. आईला दर महिन्याला शंभर जातात.
या महिन्याला अकरा डॉलर पाठवतोय.