बावचीच्या तेलाबद्दल सांगायचं राहिलेलं

लिहून ठेवणार: श्रीमती अ‍ॅनी सांतान लोबो, वय वर्षे ७४, विधवा, व्यवसाय घरगुती तेलं व उटणी करणे, राहणार शिरोडा, तालुका वेंगुर्ले, जिल्हा सिंधुदुर्ग.

माझं डोकं ठिकाणावर आहे. डोळे नाहीत. काचबिंदूने डावा गेला, उजव्याला दारातला उजेड तेवढा कळतो. म्हणून हे मृत्युपत्र मी तोंडाने सांगते आहे आणि रश्मी धोंडू रेडकर लिहिते आहे. रश्मी सव्वीस वर्षं माझ्याकडे कामाला आहे. तिचं अक्षर सुवाच्य आहे आणि माझा एकही शब्द ती इकडचा तिकडे करणार नाही. जिला मिळायचं तीच कशी लिहिते, म्हणून उद्या कोणी आठ्या घालील. त्याने सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला वाचावा आणि गप्प बसावं. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तसा कागद कोणी पुढे केला तर तो खोटा समजावा.

१. देहाबाबत. मला सांतानच्या शेजारी पुरावं. तोंडाला पावडर फासू नये आणि केस काळे करू नयेत. जन्मभर मी दुसऱ्यांच्या केसांचं पाहिलं, माझे पिकले ते पिकू दिले. तेल लावायचं झालं तर या घरातलं लावावं, बाजारातलं नको. पोस्टातल्या पुस्तकात जे असेल ते मिसेची प्रार्थना आणि दफन यांच्या खर्चाला घालावं. उरलं तर देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गळक्या छपराला द्यावं. पाद्रीबाब दर रविवारी त्या छपरावर बोलतात, ऐकून कंटाळा आला आहे.

२. घराबाबत. राहतं कौलारू घर, पडवी, मागची तेलाची खोली, अकरा माड, एक रतांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड आणि विहिरीतला अर्धा हिस्सा हे सर्व मी रश्मी धोंडू रेडकर हिला देते. घर सांतानने बोटीवर खलाशांचा स्वयंपाक करून बांधलं आणि माझ्या नावावर केलं. आम्हाला मूल झालं नाही. दिराच्या मुलाला वाटतं की लोबोंचं घर लोबोंकडे जावं. का जाऊ नये ते कलम सहामध्ये येईल.

३. सामानाबाबत. तांब्याचा मोठा टोप, पाटा-वरवंटा, दगडी रगडा, तेल गाळायची मांजरपाटाची फडकी आणि सगळ्या काचेच्या बरण्या रश्मीला. ही भांडी माझ्या सासूची. तिला आम्ही मांय म्हणायचो. सांतान गेला तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. रडत बसले होते, तर मांयने माझ्या पुढ्यात शिकेकाईचं सूप ठेवलं आणि म्हणाली, "निवड गो. हात चलले काय डोक्या चलता." माणूस गोड नव्हतं, पण हातात कला होती. नारळाचं दूध आटवून तेल काढायचं, त्यात माका आणि जास्वंद किती वेळ उकळू द्यायचं, हे ती नाकाने ओळखायची. रतांब्याच्या बिया कुटून, उकळून, वर आलेली चरबी मुठीत वळायची, ते मुठेल. मिठागरात काम करणाऱ्या बायांच्या टाचा फाटतात, त्यांना मांय ते फुकट द्यायची. मी द्यायचं बंद केलं होतं. रश्मीने पुन्हा सुरू केलं, माझ्याशी भांडून.

४. ॲल्स्टन याबाबत. दिराचा मुलगा ॲल्स्टन याला भिंतीवरचं घड्याळ आणि सांतानचा बोटीवरचा कोट द्यावा. याहून जास्त काही देऊ नये. तीन वर्षांपूर्वी तो म्हापशाहून आला, म्हणाला, "आंटी, हे सगळं ऑनलाइन विकता येईल. तुमचा फोटो लावू." माझा फोटो काढून गेला. पुढे कळलं की बाटलीवर मी आहे आणि आत पातळ पांढरं तेल, हिरवा रंग आणि कसलासा वास. बाई मुंबईहून फोन करते, "तुमच्या तेलाने माझे केस गळले." माझं तेल तिने डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. ॲल्स्टनने ते विकणं बंद करावं. माझा चेहरा त्याला वारसाहक्काने मिळालेला नाही. तो खोटारडा आहे हे मी विसरणार नाही, पण त्याच्यावर फार चिडायचा अधिकार मला नाही, हेही इथे लिहावं.

५. वहीबाबत. निळ्या पुठ्ठ्याची वही रश्मीला. डोळे चालत होते तोवर मी स्वतः लिहिली आहे. केसांचं तेल, कोंड्यासाठी कडुलिंबाचा काढा, बाळंतिणीचं उटणं (आंबेहळद, वाळा, नागरमोथा, मसुराचं पीठ, प्रमाण वहीत आहे), घामोळ्यांसाठी ताक आणि चंदन. अटी दोन. टकलावर केस उगवतील असं कोणाला सांगू नये. मी सांगायचे. आणि रंग उजळेल असंही सांगू नये, मुली त्या आशेने कातडी खरवडून घेतात. बत्तिसाव्या पानावर वर बावचीचं तेल असं लिहिलं आहे. त्याखाली मी कृती लिहिलेली नाही. ते लावून उन्हात जाऊ नये, एवढं एकच वाक्य आहे.

६. हे कलम रश्मीने न थांबता लिहावं. तुझ्याबद्दलच आहे, रश्मी. लिही.

१९९८ साल, एप्रिल महिना. रश्मी तेव्हा एकवीस वर्षांची होती, शेजारच्या धोंडू रेडकरांची मुलगी. डाव्या गालावर जुन्या रुपयाएवढा पांढरा डाग. लग्न ठरलेलं, मेच्या अखेरीला. मुलाकडच्यांनी डाग पाहिला होता. पसरत नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं होतं. तिची आई हौसाबाई माझ्याकडे आली, म्हणाली, लग्नाआधी एवढा डाग घालव.

पांढऱ्या डागाला बावची. बिया कुटून तेलात मुरवायच्या. ते तेल डागाला लावायचं, सकाळच्या कोवळ्या उन्हात घटकाभर बसायचं, धुऊन टाकायचं आणि मग दिवसभर ऊन टाळायचं. ऊन टाळलं नाही तर ते तेल कातडी भाजतं. मांयने मला हे शिकवलं तेव्हा माझं मनगट धरून सांगितलं होतं, "बावची दिलंस काय आधी उन्हाचा सांग, मगे बाटली हातात दी." लग्नाला दिवस थोडे म्हणून मी बिया दुप्पट घातल्या. बाटली कुंपणावरून रश्मीच्या हातात दिली. आम्ही दोघीच होतो. मला सावंतवाडीची गाडी धरायची होती, तिकडे एका लग्नघरी उटणं पोचवायचं होतं. उन्हाचं सांगायचं राहिलं. डोक्यात होतं, तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गालाला तेल लावून आईबरोबर मिठागरात कामाला गेली. तिथे ऊन वरून लागतं तसं खालच्या मिठावरूनही लागतं. दुपारी गाल लाल झाला, संध्याकाळी फोड आले, तिसऱ्या दिवशी कातडं सुटलं. दवाखान्यात नेलं, त्यांनी करायचं ते केलं. व्रण राहिला तो डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत, कुठे काळा, कुठे पांढरा. लग्न मोडलं.

चौथ्या दिवशी हौसाबाई तिला घेऊन माझ्या पडवीत आली. पडवीत गिऱ्हाइकं बसली होती. दुकानदार दत्ताराम गावडे बाटल्या न्यायला आला होता. हौसाबाई रडत होती, "काय दिलंस माझ्या चेडवाक?" मी म्हटलं, "मिया सांगलेलंय तिका, उन्हात जाव नको म्हणान. तिनाच आयकाक नाय."

विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आले. वेळ होता. हौसाबाई बोलत होती तोवर मी ठरवलं.

सगळे रश्मीकडे वळले. तिच्या तोंडावर ओलं फडकं होतं. तिने ते थोडं बाजूला केलं आणि म्हणाली, "सांगलेला आसतला. माझ्याच ध्यानात ऱ्हवाक नाय." हौसाबाईने सगळ्यांसमोर तिच्या चांगल्या गालावर मारलं. मी पाहत होते.

त्या वर्षी माझा धंदा वाढला. औषध जालीम आहे, पथ्य मात्र पाळलं पाहिजे, असं दत्तारामच्या दुकानात लोक बोलू लागले. रश्मीचं दुसरं स्थळ कोणी आणलं नाही. वर्षभराने तीच माझ्याकडे काम मागायला आली. अ‍ॅनीबायने दया म्हणून ठेवली, असं गाव म्हणालं आणि मी म्हणू दिलं. दर वर्षी मी कुमसाराला गेले, हे पाप पाद्रीबाबांपुढे सांगितलं. ते कोणाला बोलणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून तिथे सांगितलं. बाहेर येऊन तिच्याच हातचा चहा प्यायले. आजही ती कोणाला काही औषध देते तेव्हा तीन-तीनदा बजावते, आणि "माझ्यासारख्या विसरू नका" असं म्हणून स्वतःचा गाल दाखवते.

रश्मी, तू काहीही विसरली नव्हतीस. मी सांगितलंच नव्हतं.

माझ्या दफनानंतर हे कलम लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवावं.

७. इथवर लिहून झाल्यावर रश्मीने पेन ठेवलं. चुलीवरचं तेल उतरवलं, विस्तव विझवला आणि घरी गेली. चार दिवस आली नाही. मला दिसत नाही, पण कुंपणापलीकडे तिच्या घरात भांडंसुद्धा वाजत नव्हतं. माझं जेवण वाडीतल्या सनी डिमेलोची बायको आणून देत होती. पाचव्या दिवशी रश्मी आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "आनीबाय, माझी आवस मरेपर्यंत माका दोष देत ऱ्हवली. तिका खंय जावन वाचून दाखवतलंस?"

हौसाबाईला जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या आजारात ती लेकीच्या हातून पाणी घ्यायची आणि वर म्हणायची, एवढं ऐकलं असतंस तर आज तुझी पोरं असती. कुंपणाच्या अलीकडे मी ते ऐकायचे. दहा पावलं चालून गेले असते तर झालं असतं. मी गेले नाही, कारण मला भीती वाटत होती. म्हातारपणी मला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं.

रश्मी म्हणाली, मेल्यावर नको. आत्ता वाचायला लाव, त्याच पडवीत. म्हणून सहाव्या कलमातली शेवटची ओळ रद्द समजावी.

रविवारी मिसा सुटल्यावर पडवीत माणसं बोलावली. दत्ताराम गावडे आता काठी टेकत आला. त्या वेळच्या गिऱ्हाइकांपैकी दोघी जिवंत आहेत, त्या आल्या. सनी डिमेलोने कलम सहा मोठ्याने वाचलं. मी समोर खुर्चीत बसले होते. वाचून झाल्यावर दोघींपैकी एक म्हणाली, "आता ह्या वयात कित्याक उकरून काढलंस गो?" चपला शोधताना दत्तारामची काठी दोनदा पडली, तेवढं ऐकू आलं. रश्मीला कोणीच काही विचारलं नाही. मला वाटलं होतं, कोणी तरी तिच्याजवळ जाईल. सत्तावीस वर्षं गावाला एक गोष्ट पाठ झाली आहे, ती एका रविवारी पुसली जात नाही.

माणसं गेल्यावर मी तिला हाक मारली आणि माफी मागितली. शब्द काय होते ते इथे लिहू नयेत. ती म्हणाली, "चुलीर तेल आसा," आणि आत गेली.

८. आता माझं सांगून संपलं. वरील सर्व मजकूर सनी डिमेलो यांनी मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. अंमलबजावणी त्यांनीच करावी. सही करताना कागदावर बोट ठेवून जागा दाखवावी लागली, तरी सही माझीच आहे आणि मन ताब्यात असताना केली आहे.

ठिकाण: शिरोडा
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

(सही) अ‍ॅनी सांतान लोबो

साक्षीदार:
१. (सही) सनी जुझे डिमेलो, शिरोडा
२. (सही) दत्ताराम शिवा गावडे, दुकानदार, शिरोडा. मी १९९८ साली पडवीत हजर होतो. ऐकलं ते खरं मानलं आणि दुकानात बसून पुष्कळांना सांगितलं.

लेखनिकाचं निवेदन: मी रश्मी धोंडू रेडकर, वय ४८. मला सांगितलं तसं मी लिहिलं आहे. सहाव्या कलमात दोन ठिकाणी शाई पसरली आहे, ती खाडाखोड समजू नये. घर, भांडी आणि वही मी घेते. अ‍ॅनीबायला दिसत नाही म्हणून तिला जेवण वाढायचं आणि तिच्या केसांना तेल लावायचं काम माझ्याकडे आहे. ते मी तिच्या शेवटापर्यंत करीन. मी तिला क्षमा केली, असा अर्थ मात्र यातून कोणी काढू नये.

(सही) रश्मी धोंडू रेडकर