नाव माझ्यापुरतं

१७ जाने. ९४, सोमवार
विद्यापीठाचं नाव बदलून तीन दिवस झाले. कॉलेजच्या गेटवर पोलिसांची गाडी. पेडगावहून येणारी आमची एस.टी. अर्धी रिकामी. निघताना माय म्हणली, "आज कुणाला उलटून बोलू नको."
औरंगाबादचा इंजिनिअर मराठी पत्रांचं सॉफ्टवेअर टाकून गेला. कॉम्प्युटर एकच, टर्मिनल तीन: माझं, हेडक्लार्क विठ्ठलरावांचं, परीक्षा विभागाचं. पासवर्ड ज्याचा त्याला; मुख्य पासवर्ड एकच, तो विठ्ठलरावांकडे. पत्राच्या डोक्यावरचं विद्यापीठाचं नाव त्याने जुन्या लेटरहेडवरून भरलं. जाताना काहीतरी सांगत होता, सेटिंग सगळ्यांसाठी वेगळी, आपल्यापुरती वेगळी... त्याला बस गाठायची होती. मीही नीट ऐकलं नाही.

१८ जाने.
प्राचार्यांनी परिपत्रक दिलं. "नवं नाव टाका अन् तसं लेखी द्या."
भरलं. छापून पाहिलं. कागद सरकत वर आला, नाव दिसलं. ह्याच नावापायी ७८ साली आमचं घर जाळलं तेव्हा मी अकरा वर्षांची. बराच वेळ कागद फाडलाच नाही प्रिंटरचा.
लेखी दिलं: सर्व टर्मिनलवर बदल केला आहे. सही.

२० जाने.
लय वाईट दिवस.
राणीसावरगावची संगीता, बी.ए.ची. काल विठ्ठलरावांनी काढून दिलेला दाखला परत घेऊन आली. "मॅडम, जुनंच नाव हाय ह्याच्यावर. माझे बाबा नव्या नावापायी जेलात गेलते. त्यांनी हातात धरला न्हाई."
तिच्यामागे आठ-दहा पोरं. आवाज चढले. शिपायाने दार ओढून घेतलं.
मी तडक वि.रावांच्या टेबलाशी. "मुद्दाम केलंत ना?" सगळ्यांदेखत. मागे नामांतराचे मोर्चे निघायचे तेव्हा हा माणूस कोणत्या बाजूला होता, सगळ्या ऑफिसला ठाऊक.
"बाई, मशीन छापायलंय ते मी द्यायलोय."
प्राचार्य: उद्या दोघांचंही लेखी घेतो.

२१ जाने., सकाळी
साडेनऊलाच आले. पुस्तिका इंग्रजी, डिक्शनरी घेऊन वाचली.
मी माझ्या पासवर्डने आत शिरून नाव भरलं. म्हणजे ते फक्त मला दिसणार. सगळ्यांसाठी बदलायचं तर मुख्य पासवर्ड पाहिजे. तो वि.रावांकडे. त्यांना विचारायचं नाही म्हणून मी...
चूक माझी.
गप्प बसले तर कुणाला कळणार नाही. सगळे मानतात त्यांनीच केलं.

दुपारी
सांगितलं. ते समोर बसलेले असताना. माफी मागितली. प्राचार्यांनी लिहून घेतलं. मेमो मिळणार.
वि.राव: "तुमाला आमच्याविषयी खात्रीच होती की."
"होती," म्हटलं. खोटं कशाला बोलू.
मुख्य पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला. मी सगळ्यांसाठी नाव बदललं. परीक्षा विभागातून छापलं, बरोबर आलं. संगीताचा दाखला तिथूनच काढला. वि.रावांच्या टर्मिनलवर बघायच्या आत लाइट गेली.

२४ जाने., सोमवार
फाइलला पत्रं लावत होते. एक वि.रावांचं, आजचंच. वर जुनं नाव.
पुन्हा पुस्तिका. आपल्यापुरतं भरलेलं असेल तर तेच चालतं, सगळ्यांसाठीचं मागे पडतं. म्हणजे त्यांच्या नावाखाली जुनं वेगळं भरलेलं आहे. इंजिनिअरने चाचणीला भरलं असेल. किंवा यांनीच.
या वेळी ओरडले नाही. पत्र टेबलावर ठेवलं, हळूच सांगितलं. "कुणी भरलं, मला माहीत नाही. काढायला तुमचा पासवर्ड लागेल."
त्यांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला. "बसा, बाई."
नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा म्हणाले.

४.४०. त्यांच्या समोरच बसून लिहितेय. स्क्रीनवर पासवर्ड मागितलाय. त्यांची बोटं कीबोर्डवर आहेत. टाकत नाहीत, उठतही नाहीत. पाचची एस.टी. जाईल. जाऊ दे.