आठ अक्षरांत रसायनशास्त्र

३ मार्च, सकाळी ७
गंभीर तक्रार नोंदवणे भाग आहे. टेबलावर माझ्या चष्म्याची जागा गेली वीस वर्षे ठरलेली आहे. आज तिथे प्लास्टिकचे गोळे. काळा म्हणजे कार्बन, लाल म्हणजे ऑक्सिजन, म्हणे. गोळे कन्येचे. फार्मसीचं पहिलं वर्ष, ऑरगॅनिक केमिस्ट्री राहिलेली. एकवीसला फेरपरीक्षा. या खेपेला गेली तर सीटही जाते.
चष्मा फ्रिजवर सापडला.

४ मार्च
शिकवणीचे सर आले. तिच्याच कॉलेजात लॅबला असतात. काम एवढंच की रेणूच्या अंगावरचा छोटा तुकडा, म्हणजे फंक्शनल ग्रुप, ओळखायचा. त्यावरून रेणूचं कुळ कळतं. तर हा गृहस्थ दर वेळी सांगतो, ओएच दिसला की लगेच अल्कोहोल लिहू नकोस, शेजारी कोण बसलंय ते बघ. तासभर तेच. हे अध्यापन की गल्लीतल्या चौकश्या?

५ मार्च
सरांना नारळ दिला. पत्नीने विचारलं, तुम्ही केमिस्ट्री कधी शिकलात? म्हटलं, ज्याने अख्खं संस्कृत व्याकरण पचवलं त्याला हे तुकडे जड नाहीत. म्हणाली, पचल्यासारखं दिसत नाही.

९ मार्च
सगळे ग्रुप एका अनुष्टुभात बसवतो आहे. आठ-आठ अक्षरांचे चार चरण. कन्या जन्मात विसरणार नाही. ओएच ते अल्कोहोल, एनएचटू ते अमीन, सीओ ते कीटोन. तीन चरण झाले. चौथ्यात ‘शेजार पाहा’ हा मजकूर घालून बघितला, सगळा चरण नऊ अक्षरांचा होतो. काढून टाकला. त्या जागी कन्येला आशीर्वाद. तो आठात बसला.

१३ मार्च
श्लोक खणखणीत म्हणते. व्हिनेगरच्या आकृतीत ओएच दिसताच अल्कोहोल म्हणाली. मग घुटमळली. म्हणे, बाबा, शेजारी सीओ आहे, सर म्हणायचे की... मी म्हटलं, श्लोक म्हण. म्हटला तिने. स्वयंपाकघरातून प्रश्न आला की मग इतकी वर्षं मी काकडीवर दारूच ओतत आले का? प्रज्ञेला घरात शत्रू फार.

२१ मार्च, दुपारी
वीस मिनिटं आधीच बाहेर आली. एकाही आकृतीला अडली नाही म्हणाली. श्लोक पुस्तिकारूपाने छापावा. माझा फोटो मागच्या बाजूला, लहान.

१५ एप्रिल
शंभरात अकरा. तपासनीस निष्काळजी. फेरतपासणीचा अर्ज मीच लिहिला. भाषा कडक पण प्रसन्न.

२ मे
फेरतपासणीत नऊ.

३ मे
सीट रद्द झाल्याचं पत्र. बँकेसमोर सर दिसले. ओळख दाखवणार नव्हतो, तेच थांबले. तिची उत्तरपत्रिका त्यांनी पाहिली होती. हळूच म्हणाले, सीओला चिकटलेला ओएच म्हणजे आम्ल, सीओला चिकटलेलं अमीन म्हणजे अमाइड, हे तर तिला फेब्रुवारीतच येत होतं. मग असं कसं झालं? म्हटलं, ताण आला असेल.

४ मे
माझ्यावर रागावलेली नाही. श्लोक बरोबरच होता बाबा, माझंच डोकं चालत नाही, असं म्हणाली. आता तोच पुन्हा पाठ करते आहे.
चौथ्या चरणातून कापलेल्या ‘शेजार पाहा’ या शब्दांचा अर्थ मला माहीत नव्हता. काल बँकेसमोर कळला. हे तिला सांगायला हवं. सांगितलं तर ती मला पुन्हा कधी काही विचारणार नाही, याची भीती वाटते. आज दिवसभर सांगितलेलं नाही. तिला आपण ढ आहोत असं वाटू लागलंय, आणि तरी मी उद्याही सांगेन असं वाटत नाही.