गेमच्या पडद्यावरचं गाऱ्हाणं

बाबा, आज दुपारी मी तुमचा आवाज ऐकला, तोही माझ्या धाकट्या भावाच्या गेममधून. धाकटा जहाजावर नोकरीला होता तेव्हाचं ते हातात धरून खेळायचं यंत्र. तुम्ही त्याला खुळखुळा म्हणायचात. त्यात गेमशिवाय व्हिडिओही चालत, पण आधी मालवणात कॉम्प्युटरवाल्याकडून ते यंत्राच्या मापाचे करून घ्यावे लागत. जहाजावर रेंज नसायची, म्हणून घरचे सणवार तो असे भरून न्यायचा. पुढे यंत्र जुनं झालं, पेटीत पडलं. सुट्टीत आलेल्या माझ्या मुलीने त्याला नवी बॅटरी घातली आणि माजघरातून ओरडली, "बाबा, हेच्यात आजो आसत!" तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती.

तळहाताएवढ्या पडद्यावर आपला तोंडवलीचा किनारा, नारळी पौर्णिमा. त्याच्या आधीचे आठ दिवस तुम्हाला सांगायला नकोत. पौर्णिमेचा नारळ पडण्याआधी कोणी होडी लोटत नाही, आणि मी तुम्हाला न विचारता लोटली. खडकावर तिचे दोन तुकडे झाले, मी पोहत आलो. अंगावरचं पाणीही निथळलं नव्हतं, तेव्हा साऱ्या वाडीसमोर तुम्ही म्हणालात, "माझ्या होडयेक परत हात लावलंस तर याद राख!" त्यानंतर एका घरात राहून आपण बोललो नाही. शिमग्याआधी तुम्ही गेलात. इतकी वर्षं मी रोज देवाला दिवा लावतो आणि रोज मनात तेच येतं, की तुम्ही मला माफ न करता गेलात.

पडद्यावर तुम्ही हात जोडून साऱ्या वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालताय. चित्राचे चौकोन झालेत, आवाज ओठांच्या जरा पुढे पळतोय. पण धाकट्याचा मित्र कॅमेरा घेऊन तुमच्या अगदी जवळ उभा होता, त्यामुळे अक्षर न् अक्षर ऐकू येतं. "बा देवा म्हाराजा, जाळ्यात मासळी दी, होडयांची राखण कर." सगळे ओरडतात, "व्हय म्हाराजा!" मग तुम्ही थांबता. घसा खाकरता. "माझ्या थोरल्या झिलाच्या हातसून होडी फुटली. होडी गेली तर जांव दी, झील जितो परत इलो, ता तूच केलंस. मिया तेका चार लोकांत बोललंय, ती माझी चूक. आमचा दोघांचा बोलणा परत सुरू कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

त्या ओरडण्यात मी आहे, बाबा. सगळ्यात मागे, हाताची घडी, नजर भलतीकडे, आणि तोंड उघडून 'व्हय' म्हणणारा मीच. मागच्यांना गाऱ्हाण्यातलं काही कळत नाही. लाटांचा आवाज असतो, पुढचे ओरडले की आपण ओरडायचं. लहानपणापासून मी तसंच ओरडत आलो. मी ऐकलंच नव्हतं, आणि मीही ओरडलो म्हणून नंतर कोणी वेगळं सांगितलं नाही.

पण मला सोडत नाहीत ते तुमचे शब्द नव्हेत, त्यानंतरचं तुमचं वळून पाहणं. देवासमोर होय म्हटलं की ते पाळायचं, हे तुम्हीच शिकवलंत. गाऱ्हाणं संपल्यावर तुम्ही मागे वळून पाहता, सरळ माझ्याकडे. म्हणजे तुम्हाला वाटलं असणार, याने ऐकलं, होय म्हणाला. त्या दिवसापासून तुम्ही जाईपर्यंत रोज संध्याकाळी तुम्ही ओटीवर बसून असायचात, शेजारची चटई रिकामी ठेवून. मी मागच्या दाराने घरात यायचो. मला वाटायचं, माझं तोंड बघायला नको म्हणून तुम्ही घरात न थांबता बाहेर बसता.

चार वेळा पाहिलं. मुलगी म्हणाली, "बाबा, रडतास कित्याक? आजो काय म्हणतत?" यंत्र माझ्या हातात देऊन ती स्वयंपाकघरात गेली होती, तिने नीट ऐकलं नव्हतं.

मी यंत्र बंद केलं आणि म्हटलं, "काय नाय गो. नेहमीचाच गाऱ्हाणा."