तुझ्या गावचा बाजार कोणत्या वारी?

काष्टी, ता. श्रीगोंदा
रविवार, १८ मार्च १९७३

चि. दानीएल यास,

अक्काचा ख्रिस्तात सलाम आणि अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. (गुडघा खुशाल नाही, पण त्याची हकीकत स्वतंत्र पत्राएवढी आहे.) तुझी तब्येत कशी आहे? अंघोळीनंतर डोकं नीट पुसतोस ना? तिकडे बर्फ पडतो आणि तू लहानपणापासून ओल्या डोक्याने हिंडणारा, म्हणून विचारते.

तुझं पाकीट फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोचलं. पत्र सव्वा पानाचं आणि सोबत तुझ्या एल्डरब्रूक गावाची माहिती-पुस्तिका चाळीस पानांची. तू लिहिलंस की अक्का, तू आता निवृत्त झालीस, एकटी असतेस, तर इकडे माझ्याकडे राहायला ये. पुस्तिका वाच आणि हो की नाही ते मार्चअखेर कळव, म्हणजे मला कागदपत्रं करता येतील. उत्तराला उशीर झाला हे खरं. पण चौतीस वर्षं मी शाळेत मुलांना 'सविस्तर उत्तरे लिहा' असं बजावत आले, आता स्वतःच एका शब्दात कशी सुटू?

पुस्तिका मी दोनदा वाचली. तिकडच्या मिशनच्या मडमा शंभर वर्षं आपल्या जिल्ह्यात हिंडल्या आणि आपल्या गावांची वर्णनं घरी लिहून पाठवत राहिल्या, घरं इतकी, विहिरी इतक्या, लोक प्रेमळ पण अस्वच्छ. आता पहिल्यांदाच त्यांच्या एखाद्या गावाचं वर्णन आपल्याकडे आलं, तेव्हा मीही चष्मा पुसून बसले. दहा वर्षांपूर्वी वस्ती नऊ हजार, आता सोळा हजार. बागा अकरा, आगीचे बंब चार, विमानतळ पंचवीस मिनिटांवर. घरटी माणसं तीन पूर्णांक दोन दशांश. (हे दोन दशांश कोण असेल याचा मी बराच विचार केला. माझ्याकडे घरटी एक, आणि तीही दुपारी झोपलेली असते.) गावाला 'बेडरूम कम्युनिटी' असं म्हटलंय, म्हणजे लोक कामाला मोठ्या शहरात जातात आणि गावात येतात ते फक्त झोपायला. फोटो चोवीस आहेत आणि त्यांत माणसं मोजून पाच. त्यांतला एक नगराध्यक्ष, तोही फीत कापायला आलेला. बाकी रस्ते, हिरवंगार गवत आणि बंद दारं. फार स्वच्छ आहे रे तुझं गाव.

आता माझ्या हातून काय घडलं ते ऐक. पहिल्या शनिवारी मी पुस्तिका पिशवीत घालून बाजाराला गेले. (एवढं मोठं कौतुक घरात कुणाला दाखवणार?) लंकाबाई भाजीवाली तुला आठवत असेल, तुला वजनात नेहमी दोन वांगी जास्त टाकायची. यंदा दुष्काळाने तिच्यापुढे वांगी नाहीत, वाळल्या मिरच्या आणि मुठीएवढे कांदे घेऊन बसते. मी तिच्याच पालात टेकले. शेजारी सूर्यभान बैलदलाल रिकामा बसला होता, कारण सगळे विकायलाच आलेत, घेणारा कुणी नाही. अमेरिकेचं पुस्तक म्हटल्यावर आधी त्याने रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या अमेरिकन ज्वारीचा, त्या मिलोचा जाब मला विचारला. तुमचा भाऊ ती भाकर स्वतः खातो का, असं त्याचं म्हणणं. मग म्हणाला, वाचा बाई.

मी मराठी करत करत वाचू लागले. दहाबारा माणसं जमली. 'बेडरूम कम्युनिटी'ला मी 'निजायचं गाव' म्हटलं, तर लंकाबाई म्हणाली, "मग ती मान्सं जागी कुटं आसत्यात?" एल्डरब्रूक म्हणजे एका झाडाच्या नावाचा ओढा, असं सांगितल्यावर सगळे पुढे सरकले आणि ओढ्याला पाणी आहे का म्हणून विचारू लागले. ओढा रस्त्याखालून नळातून नेलाय हे तू लिहिलं होतंस. ते मी सांगितलं नाही.

सगळं वाचून झालं आणि सूर्यभान म्हणाला, "समदं आइकलं बाई, पर बाजार कोन्त्या वारी भरतो?"

मी पुन्हा पानं चाळली. शाळा होत्या, बंब होते, बाजार नव्हता. म्हटलं, मोठं शॉपिंग सेंटर आहे, आठवडाभर उघडं असतं. तो म्हणाला, "रोज आसतं त्ये दुकान. म्या बाजार म्हनतो." आणि लंकाबाई कांदे निवडता निवडता म्हणाली, "बाजार न्हाई, तर मान्सं येकमेकास्नी दिसत्यात कवा?"

दानू, त्या चोवीस फोटोंतली पाच माणसं डोळ्यांपुढे आली. चारचौघांत तुझ्या गावाला कमीपणा नको म्हणून मी ठोकून दिलं, शनिवारी भरतो, आपल्यासारखाच.

झालं. त्या दिवसापासून दर शनिवारी मला तुझ्या बाजाराची खबर द्यावी लागते. तुला कुणी विचारलं तर घोळ नको म्हणून इथे लिहून ठेवते. तुमचा बाजार चर्चच्या मागच्या मैदानात भरतो. तिथे मरिया नावाची एक म्हातारी कांदे विकते, तोंडाने फटकळ पण मनाने चांगली. तू गेलास की ती आधी जेवलास का विचारते, मग भाव सांगते. तिसऱ्या शनिवारी तू तिचं छप्पर बांधायला मदत केलीस. चौथ्या शनिवारी तुला ताप होता, तर तिने मुलीच्या हाती सूप पाठवलं. सहाव्या शनिवारी, म्हणजे काल, त्या मुलीचं लग्न झालं आणि पाहुण्यांना खुर्च्या मांडून द्यायचं काम तू केलंस. (तुला खुर्च्या नीट मांडता येत नाहीत हे मी कुणाला सांगितलं नाही.)

आता तूच सांग, मी येऊ कशी? माणसं शनिवारची वाट बघत असतात. मी उठून आले तर त्यांना तुझी खबर कोण सांगणार? शिवाय तिथे येऊन मी दिवसभर करू काय? तू कामाला जाणार, समोर बंद दारं, आणि घरटी सरासरीतले दोन दशांश ते मीच. त्यापेक्षा इथे लोकांत बरी आहे. तेव्हा सविस्तर विचार करून उत्तर, नाही.

जेवण वेळेवर करत जा. रविवारची उपासना चुकवू नकोस.

तुझी अक्का,
कृपा

ता. क. तुझ्या सव्वा पानात हवामान होतं, मोटारीचा रंग होता, पण माणूस एकही नव्हता. पुढच्या पत्रात शेजाऱ्याचं नाव तरी लिही. तू दिवसभरात कुणाशी बोलतोस हे कळत नाही, तोवर मला घास गोड लागत नाही.

ता. क. दुसरं. माणसं वाट बघतात असं वर लिहिलं, ते खोटं आहे. त्यांनी विचारलं पहिल्या शनिवारी, एकदाच. पुढे मीच सांगायला जात राहिले. सूर्यभान तीन आठवड्यांपूर्वी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. लंकाबाई ऐकून घेते, पण काल तिला टँकर यायच्या आत पाण्याच्या रांगेत उभं राहायचं होतं. मरियाच्या मुलीचं लग्न मी घरी येऊन स्टोव्हला सांगितलं.

ता. क. तिसरं. सोबत माझे पासपोर्टचे तीन फोटो आहेत. तुझं पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने नगरला जाऊन काढून आणले. उत्तर मात्र वर लिहिलंय तेच समज. पहिल्याच आग्रहाला हो म्हणायची आपल्यात रीत नाही, हे तिकडे राहून तू विसरला नसलास म्हणजे झालं.